पवित्रा

पडद्यावरच्या मारामारीच्या खेळांची नैतिक चर्चा बहुधा रक्तापाशी सुरू होते आणि रक्तापाशीच संपते. सप्टेंबर १९९३ मध्ये 'मॉर्टल कॉम्बॅट' हा खेळ दूरचित्रवाणी संचाला जोडायच्या घरगुती यंत्रांवर आला, तेव्हा निन्टेन्डोच्या यंत्रावर रक्ताच्या जागी करड्या रंगाचा घाम दाखवण्यात आला होता. सेगाच्या यंत्रावर कळा एका ठरावीक क्रमाने दाबल्या की रक्त दिसू लागे. त्याच वर्षी डिसेंबरात अमेरिकेच्या सिनेटमध्ये या विषयावर सुनावणी झाली आणि १९९४ साली खेळांचे वयानुसार वर्गीकरण करणारे मंडळ अस्तित्वात आले. रक्त किती दाखवावे हा प्रश्न क्षुल्लक नाही. परंतु तो पाहणाऱ्याचा प्रश्न आहे. प्रत्यक्ष खेळणाऱ्याच्या हातात जे घडत असते, त्याच्याशी त्याचा संबंध फार दूरचा. त्या हाताविषयीचा प्रश्न याच्या जवळजवळ दहा वर्षे आधी एका साध्या, रक्तहीन खेळाने विचारून ठेवला होता.

त्या खेळाचे नाव 'कराटेका', म्हणजे कराटे जाणणारा. जॉर्डन मेकनर याने येल विद्यापीठात शिकत असताना तो ॲपल टू या संगणकासाठी रचला आणि ब्रॉडरबंड या संस्थेने १९८४ साली प्रकाशित केला. पुढे तो अनेक यंत्रांवर गेला. १९८५ मध्ये तो जपानात निन्टेन्डोच्या फॅमिकॉमवर आला आणि नंतर अटारीच्या ७८०० वरही. मेकनरने आपल्या कराटे-शिक्षकाच्या हालचालींचे चित्रीकरण केले आणि त्या चौकटीमागून चौकट गिरवून पडद्यावरच्या आकृतीला दिल्या. संगीत त्याच्या वडिलांचे. कथा लोककथेइतकी जुनी आहे. अकुमा नावाच्या दुष्टाने मारिको या राजकन्येला आपल्या गडात कोंडून ठेवले आहे. एक निःशस्त्र तरुण कडा चढून येतो, पहारेकऱ्यांशी एकेक करून झुंजतो, अकुमाच्या बहिरी ससाण्याला परतवतो, अखेर अकुमाला मारतो आणि कोठडीच्या दाराशी पोहोचतो.

या तरुणाला शरीराच्या दोन अवस्था दिलेल्या आहेत. एका अवस्थेत तो सरळ उभा राहतो आणि धावू शकतो. दुसऱ्या अवस्थेत तो गुडघे वाकवून, मुठी उगारून पवित्र्यात उभा राहतो. तेव्हा तो इंचाइंचाने सरकतो, पण लढू शकतो. पवित्रा घेणे आणि सोडणे ही खेळणाऱ्याची स्वतंत्र कृती आहे. शिवाय वाकून नमस्कार करण्यासाठीही एक कळ आहे. नमस्काराने ताकद वाढत नाही, शत्रूची घटत नाही. खेळाच्या हिशेबात त्याला काडीचे मोल नाही. तरी तो ठेवलेला आहे.

धावण्याच्या अवस्थेत, पवित्रा न घेता कोणी पहारेकऱ्याच्या टप्प्यात गेला तर एकाच फटक्यात त्याचा अंत होतो आणि पुन्हा कड्यापासून आरंभ करावा लागतो. मध्ये कोठे थांबून तेथपर्यंतचा प्रवास राखून ठेवण्याची सोय नाही. असे दोनचारदा घडले की शिकवण पक्की होते: पुढ्यात माणूस दिसला की पवित्रा. ही शिकवण बुद्धीला लाभत नाही, बोटांना लाभते. अकुमा पडेपर्यंत ती इतकी मुरलेली असते की तिला शिकवण म्हणणेही कठीण. तो स्वभाव झालेला असतो. आणि नेमक्या त्या क्षणी दार उघडते, पलीकडे मारिको उभी असते. खेळणारा पवित्र्यातच तिच्याकडे सरकला, तर ती एक लाथ मारते आणि तो मरतो. पुन्हा कडा. पवित्रा सोडून, हात खाली घेऊन जो तिच्याकडे जातो, त्याच्याकडे ती धावत येते. याची पूर्वसूचना पडद्यावर कोठेही नाही.

म्हणजे या खेळात एका फटक्यात मरण्याचे दोन प्रसंग आहेत आणि ते एकमेकांचे आरशातले प्रतिबिंब आहेत. शत्रूसमोर पवित्र्याविना जाणे हा पहिला, आणि जिच्यासाठी आपण आलो तिच्यासमोर पवित्र्यात जाणे हा दुसरा. पहिल्या मरणाने जे शिकवले, तेच दुसऱ्या मरणाचे कारण होते.

यावर कोणी म्हणेल की हा एका विशीतल्या विद्यार्थ्याचा थट्टेखोरपणा आहे, त्यावर एवढा अर्थ लादू नये. आक्षेप निराधार नाही. मेकनरला थट्टेचे वावडे नव्हतेच: ॲपलवरची चकती उलट बाजूने घातली तर अख्खा खेळ खाली डोके वर पाय करून चालत असे. परंतु याच रचनाकाराने १९८९ साली 'प्रिन्स ऑफ पर्शिया' हा दुसरा खेळ केला. त्यात आरशातून बाहेर पडलेली नायकाची छाया शेवटी त्याच्यासमोर तलवार उपसून उभी राहते. नायक तिच्यावर वार करतो तेव्हा जखम त्यालाच होते. तलवार म्यानात घालून तिच्याकडे चालत गेल्यावरच ती त्याच्यात विलीन होते आणि वाट मोकळी होते. एकदा केलेली गोष्ट थट्टा असू शकते. तीच गोष्ट पाच वर्षांनी, वेगळ्या देशाच्या, वेगळ्या पोशाखाच्या कथेत पुन्हा निर्णायक जागी आली, तर तिला विचार म्हणण्यास हरकत नसावी.

'पवित्रा' हा शब्द मराठीला दांडपट्ट्याने आणि कुस्तीने दिला. पण आज तो आखाड्यात जितका ऐकू येतो त्याहून अधिक वृत्तपत्रांत वाचायला मिळतो. संघटना आक्रमक पवित्रा घेतात, मंत्री सावध पवित्रा घेतात, सासरे-जावई परस्परांविरुद्ध पवित्रे घेतात. घेतलेला पवित्रा कोणी सोडल्याची बातमी मात्र क्वचितच छापून येते. पवित्रा बदलता येतो, एवढीच मुभा भाषेने ठेवलेली दिसते. जपानी परंपरेने मात्र सोडण्याचा विचार नीट केलेला आहे. ओकिनावाहून १९२२ साली टोकियोत येऊन तेथे कराटे रुजवणाऱ्या गिचिन फुनाकोशी यांनी शिष्यांसाठी जी वीस सूत्रे घालून दिली, त्यांतले पहिलेच असे सांगते की या विद्येचा आदि आणि अंत दोन्ही नमस्कारात आहेत. पुढे आणखी एक सूत्र येते. त्याचा आशय असा की पवित्रा ही नवशिक्याची गरज आहे. पुढच्या टप्प्यावर माणूस सहज उभा राहतो. त्याच परंपरेत फटका मारून झाल्यावरही चित्ताने सावध राहावे असा दंडक आहे. वरवर पाहता या दोन गोष्टींचा मेळ बसत नाही. पण सावधपण चित्ताचे आणि पवित्रा शरीराचा, हा भेद धरला की विरोध उरत नाही. नवशिक्याजवळ दोन्ही एकाच गाठोड्यात बांधलेली असतात. एक ठेवून दुसरे टाकणे त्याला जमत नाही.

आपल्याकडे हा प्रश्न अस्त्रांच्या भाषेत मांडला गेला. रामायणाच्या बालकांडात विश्वामित्र रामाला अस्त्रे देतात. ती मिळाल्यावर राम आणखी एक मागणी करतो: आता त्यांचा संहारही शिकवा. येथे संहार म्हणजे नाश नव्हे. सोडलेले अस्त्र परत आवरून घेणे. (मराठीत या शब्दाचा नाशाचाच अर्थ ठळक उरला, हा भाषेच्या इतिहासातला एक उदास तपशील आहे.) महाभारताच्या सौप्तिक पर्वात याची दुसरी बाजू दिसते. अर्जुन आणि अश्वत्थामा दोघेही भयंकर अस्त्र सोडतात, नारद आणि व्यास मध्ये उभे राहतात. अर्जुन आपले अस्त्र आवरतो. अश्वत्थाम्याला ते जमत नाही आणि ते उत्तरेच्या गर्भाकडे वळते. याचे कारण महाभारत ज्ञानात शोधत नाही. ज्याने व्रतस्थ राहून स्वतःला आवरले आहे, त्यालाच अस्त्र आवरता येते, असे तेथे म्हटले आहे. मारण्याचे सामर्थ्य दोघांकडे सारखेच होते.

मात्र अश्वत्थाम्याच्या मनात द्वेष होता. कराटेकाच्या मनात तो नाही. तो प्रेमाने आलेला आहे, हेतू निर्मळ आहे, आणि तरी त्याला मृत्यू. हे न्याय्य कसे? येथे प्रश्न अवघड होतो, आणि तो सोडवण्यासाठी क्षणभर कोठडीच्या आतून पाहावे लागते. मारिकोने काय पाहिले? बाहेर आरडाओरडा, पायांचे आवाज, मग शांतता. दार उघडते आणि मुठी उगारलेला एक पुरुष, ज्याने नुकतेच अनेकांना मारले आहे, इंचाइंचाने तिच्याकडे सरकतो. तिला कोंडणारा आणि सोडवणारा यांच्यात त्या घटकेला दिसण्यासारखा फरक कोणता? हेतू छातीच्या आत असतो. तिच्या वाट्याला फक्त देह येतो आणि देह तर चढाई करतो आहे. आपल्या हेतूची शुद्धता आपल्याला इतकी उघड वाटत असते की ती समोरच्यालाही दिसतच असेल असे आपण गृहीत धरतो. घरासाठी राबून, जगाशी भांडून संध्याकाळी घरी येणारे आणि घरातही भांडणाच्याच आवाजात बोलणारे कर्ते पुरुष आपण सर्वांनी पाहिले आहेत. त्यांच्या प्रेमाविषयी शंका नसते. घरातली माणसे तरी दबकून असतात, आणि याचे त्या बिचाऱ्यांना मनापासून आश्चर्य वाटते.

त्या लाथेने आणखी एक गोष्ट केली. तोवर मारिको हे बक्षीस होते, प्रवासाच्या शेवटी ठेवलेली वस्तू. वस्तू कोणी कसेही आले तरी हाती लागते. ज्याला नकार देता येतो तो माणूस, हे एवढ्या थोडक्यात सांगणारे दुसरे उदाहरण त्या काळच्या खेळांत मला दिसत नाही. २०१२ साली मेकनरने 'कराटेका' नव्याने रचून एक्सबॉक्स आणि प्लेस्टेशनवर आणला, तेव्हा हाच धागा त्याने दुसऱ्या टोकाने ओढला. तेथे सोडवायला येणारे तीन आहेत. पहिला तिचा खरा प्रियकर. तो कोसळला तर त्याच्या जागी एक भिक्षू कडा चढून येतो. तोही पडला तर एक धिप्पाड रांगडा. उत्तरोत्तर ताकद वाढते, प्रेम आटते. सुटका शेवटच्याकडूनही होते, पण कोण पोहोचला त्यानुसार कथेचा शेवट बदलतो. जुन्या खेळात एकाच माणसाच्या दोन अवस्था होत्या, त्यांची नव्यात निरनिराळी माणसे झाली. मला जुनी रचना अधिक खरी वाटते.

तरी त्या जुन्या रचनेतही एक अडचण शिल्लक राहतेच. पहिल्या खेपेला मारिकोच्या लाथेने मेलेला खेळणारा पुन्हा कडा चढतो, पुन्हा सारे पहारेकरी, ससाणा, अकुमा. या खेपेला त्याला ठाऊक आहे की दाराशी हात खाली घ्यायचे असतात. तो घेतो. आता ही नम्रता म्हणायची की एक डाव? पवित्रा सोडणे हाच जर जिंकण्याचा उपाय ठरला, तर ते सोडणेही एक पवित्राच झाले. ॲरिस्टॉटलच्या अनुयायांचे याला एक उत्तर आहे: सद्गुण हा सवयीनेच अंगी बाणतो, आधी कृती येते आणि भाव मागून येतो, म्हणून पहिल्यांदा हिशेबाने खाली घेतलेले हात दहाव्यांदा आपोआप खाली येतील. उत्तर चांगले आहे. पण पहारेकऱ्यांनी शिकवलेली सवयही अशीच आली होती, आणि सवयीला समोर कोण उभे आहे ते दिसत नाही, ही तर मूळ तक्रार होती. पहिल्याच खेपेला, काही ठाऊक नसताना, अकुमा पडल्यावर ज्याचे हात आपसूक खाली आले असतील असा खेळणाराही कोणी असेलच. पडद्यावर त्याच्यात आणि या दुसऱ्यात काडीचाही फरक दिसत नाही. दोघांच्याही आकृत्या सरळ उभ्या राहतात, दोघेही चार पावले पुढे होतात. मारिकोलाही तो ओळखता येत नाही. ती धावत येते.