मार्थाची ओढाताण



पहाटेच्या मिस्सेला येणाऱ्यांपैकी काही जण शेवटचे गीत पूर्ण होण्याआधीच दाराकडे सरकू लागतात. ह्या धर्मग्रामात नवीन आलो तेव्हा मला त्याचा राग येई. मग एके दिवशी एका बाईंनी मला सांगितले, "फादर, ही लोकल चुकली की पुढच्या गाडीला पाय ठेवायला जागा नसते. घरातले डबे मी साडेतीनला उठून करून ठेवते, तेव्हा कुठे मिस्सेला येता येते." त्या दिवसापासून मी राग धरणे सोडले. साडेतीनला उठून प्रभूच्या भेटीला येणाऱ्या माणसाला काय बोलणार?

आपल्या बहुतेकांचे जीवन असेच धावपळीचे आहे. गाडीत बसायला जागा मिळाली तर बाया संध्याकाळची भाजी तिथेच निवडून घेतात. पुरुष कामावरून येतात ते दमूनच. मुलांची शाळा, मग क्लास. ज्यांच्याकडे अजून शेती आहे त्यांची ह्या दिवसांत लावणीची घाई. त्यात हातातला मोबाइल एक क्षण स्वस्थ बसू देत नाही. म्हणून पुष्कळ जण मला विचारतात, "फादर, प्रार्थनेत मन लागत नाही. रोझरी म्हणता म्हणता उद्याच्या डब्याचा विचार येतो. काय करावे?"

ह्या प्रश्नाचे उत्तर आजच्या शुभवर्तमानात आहे. मार्था येशूला आपल्या घरी बोलावते. तिची बहीण मरिया प्रभूच्या चरणांजवळ बसून त्याचे बोलणे ऐकते. मार्था मात्र पाहुणचारात गुंतून जाते आणि शेवटी प्रभूकडेच तक्रार करते.

हा उतारा ऐकला की पुष्कळ गृहिणींना मनातून वाईट वाटते. 'आम्ही सगळ्याच बसलो तर चूल कोण पेटवणार?' असे त्या म्हणतात, आणि त्यांचे बरोबर आहे. पण संत लूकने हा प्रसंग कुठे ठेवला आहे ते पाहा. ह्याच्या अगदी आधी चांगल्या शोमरोन्याचा दाखला आहे. तिथे प्रभू सांगतो की जखमी माणसासाठी वाट सोडून थांबा, त्याची सेवा करा. आणि ह्याच्या लगेच नंतर प्रभू शिष्यांना प्रार्थना करायला शिकवतो. सेवा आणि प्रार्थना ह्यांच्यामध्ये मार्थाचे घर आहे. तेव्हा प्रभूला काम नको आहे असे कसे म्हणता येईल?

मग त्याने मार्थाला समज का दिली? मार्थाच्या स्थितीसाठी संत लूकने जो ग्रीक शब्द वापरला आहे त्याचा अर्थ 'चोहोबाजूंनी ओढले जाणे' असा होतो. आपल्या मराठीत त्याला नेमका शब्द आहे : ओढाताण. मार्थाचे काम चांगलेच होते. दुखणे होते ते ओढाताणीचे. ज्याच्यासाठी स्वयंपाक चालला होता तो पाहुणाच तिच्या मनातून निसटला. मग आधी बहिणीचा राग आला, आणि पाठोपाठ प्रभूचाही. 'तुला माझी काहीच पर्वा नाही का?' असे ती त्याला विचारून बसली. मनाची ओढाताण झाली की आपलेही असेच होते. आधी घरच्यांवर चिडचिड, मग देवावर.

ह्या बाबतीत पहिला दोषी मीच आहे. काही वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका धर्मग्रामात होतो. चर्चचा सण आठ दिवसांवर आला होता. मंडपवाला, लाउडस्पीकरवाला, पावतीपुस्तके, पाहुण्यांचे जेवण, सगळे माझ्या डोक्यावर. रविवारी मिस्सेनंतर एक वयस्क गृहस्थ हातात छत्री घेऊन सॅक्रिस्टीच्या दाराशी उभे राहिले. म्हणाले, "फादर, थोडं बोलायचं होतं." मी घड्याळाकडे पाहिले आणि म्हणालो, "बाबा, सण होऊ द्या. मग निवांत बसू." ते "बरं, फादर" म्हणाले आणि गेले.

सण थाटात झाला. लोकांनी माझे कौतुक केले. चौथ्या दिवशी पहाटे मरणाची घंटा वाजली. बाबा गेले होते. दफनविधीच्या वेळी त्यांचे सख्खे भाऊ सगळ्यांच्या मागे, भिंतीजवळ एकटेच उभे होते. जमिनीच्या वाटणीवरून त्या दोघांचे वीस वर्षे बोलणे नव्हते. पुढे बाबांच्या सूनबाईंनी मला सांगितले, "मामांना भावाच्या घरी जायचं होतं. एकट्याला धीर होत नव्हता. फादरना सोबत घेऊन जातो म्हणत होते."

मी प्रभूच्याच सणाची तयारी करत होतो, आणि प्रभू छत्री घेऊन माझ्या दाराशी उभा होता. माझे काम वाईट नव्हते, पण ते ज्याच्यासाठी होते त्याच्याकडे माझे लक्ष नव्हते. बाबांची मी देवाकडे क्षमा मागितली आहे. पण ती पाच मिनिटे मला परत मिळणार नाहीत.

तरीही मार्थाची गोष्ट तक्रारीवर संपत नाही. प्रभूने तिला दोनदा नावाने हाक मारली, "मार्था, मार्था." पवित्र शास्त्रात अब्राहामाला, मोशेला, शमुवेलाला अशीच दोनदा हाक आली होती. ही प्रेमाची हाक आहे आणि मार्थाने ती ऐकली. संत योहान सांगतो की भाऊ लाझरस वारला तेव्हा मार्थाच पुढे होऊन प्रभूला भेटली आणि तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस, अशी श्रद्धा तिने व्यक्त केली. त्यानंतर बेथानीत पुन्हा जेवण होते. तिथे मार्था काय करते? पुन्हा वाढतेच आहे! पण ह्या वेळी तक्रारीचा एक शब्द नाही. तेच घर, तेच काम, पण आता तिची ओढाताण थांबली आहे. २०२१ साली पोप फ्रान्सिस ह्यांनी २९ जुलै हा दिवस मार्था, मरिया आणि लाझरस ह्या तिघा भावंडांचा स्मृतिदिन म्हणून ठरवून दिला. चूल आणि प्रार्थना ह्यांना एका घरात जागा आहे, हेच त्यातून दिसते.

सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात ब्रदर लॉरेन्स नावाचे एक साधे ब्रदर होते. त्यांना मठाच्या स्वयंपाकघरात काम मिळाले. त्या कामाची त्यांना मुळीच आवड नव्हती. तरी वर्षानुवर्षे ते तेच करत राहिले, आणि भांड्यांच्या गडबडीतही देवाशी मनातल्या मनात बोलायची सवय त्यांनी स्वतःला लावून घेतली. पुढे त्यांना कामाची वेळ आणि प्रार्थनेची वेळ ह्यांत फरक वाटेनासा झाला. 'हाती काम, मुखी नाम' असे आपल्याकडे म्हणतात ते हेच.

पण ही सवय आपोआप लागत नाही. मार्थालाही आधी प्रभूचे ऐकावे लागले. म्हणून ह्या आठवड्यासाठी तीन लहान गोष्टी सुचवतो.

पहिली : सकाळी उठल्यावर मोबाइल हातात घेण्याआधी क्रुसाची खूण करा आणि आजचा दिवस प्रभूच्या हाती द्या. अर्धे मिनिट पुरे.

दुसरी : दुपारी बाराला चर्चची घंटा होते. पूर्वी ती ऐकून शेतातले लोक हातातले काम थांबवून देवदूताची प्रार्थना म्हणत. घंटा ऐकू येत नसेल तर कामाच्या ठिकाणी घड्याळ पाहून एक 'नमो मारिया' म्हणा. गाडीत भाजी निवडता निवडता रोझरीचा एक दशक होऊ शकतो. मध्येच डब्याचा विचार आला तर घाबरू नका. तो डबाही प्रभूला दाखवा आणि पुढची प्रार्थना म्हणा.

तिसरी : रात्री झोपण्याआधी स्वतःला विचारा, "आज माझ्या दाराशी कोण उभे होते?" म्हातारी आई असेल, शाळेतली गोष्ट सांगू पाहणारे मूल असेल, न बोलणारा भाऊ असेल. आज जमले नसेल तर उद्या सकाळी पहिले काम तेच करा. सण होईपर्यंत थांबू नका.

आपण प्रार्थना करू या : हे प्रभू येशू, तू मार्थाच्या घरी आलास तसा आमच्याही घरी ये. आमचे हात कामात असू देत, पण मन तुझ्या चरणांजवळ बसू दे. आम्ही ओढले जातो तेव्हा आम्हांला नावाने हाक मार. आमेन.

ख्रिस्तात आपला,
धर्मगुरू