नकार कशाचा? : दत्ताजीच्या ‘तर’विषयी

पराभूत वीर नेमके काय नाकारतो, हा प्रश्न वीररसाच्या चर्चेत बहुधा बाजूलाच राहतो. १० जानेवारी १७६० रोजी यमुनेच्या बुराडी घाटावर जखमी होऊन पडलेल्या दत्ताजी शिंद्यांना शत्रूने ‘आणखी लढणार काय?’ असे विचारले आणि ‘वाचलो तर आणखीही लढू’ असे उत्तर त्यांनी दिले, असे परंपरा सांगते. हे उत्तर लहानपणापासून इतके कानांवर पडलेले असते की त्याच्या वाक्यरचनेकडे आपले लक्षच जात नाही. नाशिकरोडच्या आमच्या पदव्युत्तर वर्गातही ते उच्चारले जाते तेव्हा त्यातला ‘तर’ गळून पडतो. नुसते लढणे उरते.

वस्तुतः सारा अर्थ त्या ‘तर’मध्ये आहे. ‘वाचलो तर’ म्हणणाऱ्याने पराभव गृहीतच धरलेला आहे. नाकारली आहे ती शरणागती. अॅरिस्टॉटलच्या शोकात्मिकाविचारातील अभिज्ञान येथे घडलेले आहे, आणि मानीपणा व अहंकार यांतील सीमारेषा मला याच ठिकाणी दिसते.

वर्षभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, पानिपत झाले. लोकभाषेने ते निःसंकोच स्वीकारले. ‘पानिपत होणे’ म्हणजे काय, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही. विश्वासरावांच्या नावावर श्लेष करून ‘विश्वास तर पानिपतात गेला’ असेही आपण सहज म्हणतो. भाषेला जे जमले ते समाजमनाला मात्र जमले नाही. भाऊ परततील ही आशा इतकी चिवट ठरली, की स्वतःला सदाशिवरावभाऊ म्हणवणाऱ्या एका तोतयाला १७७६ साली कोकणात बंड उभारता आले. त्याच वर्षी त्याला देहदंड झाला. (पेशवाईतील दुफळीही त्याच्या पथ्यावर पडली, हे खरे.) न. चिं. केळकरांना या प्रकरणात ‘तोतयाचे बंड’ हे नाटक दिसले. मला त्यात पराभव न सोसणाऱ्या अभिमानाची गरज दिसते : ‘तर’ गाळलेल्या वाक्याला कर्ता म्हणून कोणीतरी उभा करावाच लागतो.

पण भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई? त्यांनी अखेरपर्यंत वैधव्य मानले नाही, असे सांगतात. हाही नकारच, परंतु त्याला गर्व कसे म्हणावे? इतरांनी पराभव मान्य केला असता तर एक मोहीम संपली असती. त्यांनी तो मान्य केला असता तर त्याची किंमत त्यांच्या कपाळावर, केसांवर, वस्त्रांवर वसूल झाली असती. दत्ताजींच्या वाक्यावरून घेतलेली कसोटी त्यांना लावताना माझा हात अडखळतो.