दम कुणाचा, नियत कुणाची?

कुत्र्याचा विषय निघाला की आपल्या घरांतून दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. कुत्रा नापाक आहे, हे एक. आणि कुत्र्यासारखा इमानदार कुणी नाही, हे दुसरं. या दोन वाक्यांच्या मधोमध शिकारीचा कुत्रा उभा आहे. हनफी फिकहने ज्या कुत्र्याच्या लाळेपासून दूर राहायला सांगितलं, त्याच कुत्र्याला नीट शिकवलं असेल तर त्याने धरून आणलेलं सावज हलाल मानलं. ही सवलत कोणत्या अटींवर मिळाली, हे पाहू लागलं की गोष्ट कुत्र्याची राहत नाही, माणसाच्या जबाबदारीची होते.

बुलढाणा जिल्ह्याचे लोक आपल्या मुलखाचे 'घाटावर' आणि 'घाटाखाली' असे दोन भाग करतात. वर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा. खाली खामगाव, नांदुरा, मलकापूर, जळगाव जामोद. वर मुरमाड माळ आणि टेकड्या, खाली पूर्णेच्या खोऱ्यातली काळी जमीन. पावसात पाय धरून ठेवणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. दोन्हीकडे शेतवस्तीवर, पारधी बेड्यावर एखादा वेगळाच कुत्रा नजरेत भरतो. पाय लांब, छाती खोल, पोट पाठीला लागलेलं, तोंड निमुळतं. विचारलं तर मालक सांगतो, "कारवानी आहे, पण क्रॉस."

कारवानी म्हणजे दख्खनचा धावणारा कुत्रा. लातूर जिल्ह्यातलं जानवळ त्यासाठी ओळखलं जातं; कर्नाटकातल्या मुधोळच्या नावानेही तो प्रसिद्ध आहे. २००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यांत मुधोळला जागा मिळाली. हा कुत्रा नाकापेक्षा डोळ्याने शिकार करतो. ससा उठला की बाणासारखा सुटतो. ससा तुरीत शिरून दिसेनासा झाला की पुष्कळदा गोंधळून उभा राहतो. गावठी कुत्र्याचं उलट. वेग बेताचा, पण पाय टणक, नाक तिखट, अंगात सोशिकपणा. म्हणून जाणते लोक दोघांचा मेळ घालतात. इंग्लंडमध्येही ग्रेहाऊंडसारख्या वेगवान कुत्र्याचा मेंढपाळी कुत्र्याशी संकर करून 'लर्चर' तयार झाला, तो याच हिशेबाने: एकाचा वेग, दुसऱ्याची अक्कल.

पण संकर म्हणजे तराजूत तोलून घेतलेला सौदा नव्हे. एकाच वेतातल्या एका पिल्लाला वेग आणि समज दोन्ही मिळतात. दुसऱ्याला बापाचा तापटपणा आणि आईचा आळस. शिवाय दम ही नुसती फुप्फुसांची गोष्ट नाही. कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही. तो मुख्यतः धापा टाकून अंगातली उष्णता बाहेर काढतो. घाटाखालच्या उन्हात लांब पाठलाग झाला तर पाय थकण्याआधी रक्त तापतं. आणि ज्याच्या अंगात पाठलागाची ओढ पिढ्यान्‌पिढ्या मुरवलेली आहे, तो त्या तापातही थांबत नाही. तो कोसळतो. त्याचा दम मालकाला अभिमानाचा वाटतो. पण आपला दम कुठे संपतो, हे त्या जनावराला कळत नाही. ते कळण्याची जबाबदारी ज्याने त्याला सोडलं त्याची असते.

स्वभावाचंही तसंच. पळणाऱ्या वस्तूमागे धावायचं, एवढंच ज्याच्या रक्तात आहे, त्याला ससा आणि शेजाऱ्याचं करडू यांतला फरक उपजत कळत नाही. तो शिकवावा लागतो.

इथे आपल्या फिकहकडे वळावंसं वाटतं. सूरह माइदाच्या चौथ्या आयतीत शिकवलेल्या शिकारी जनावरांचा उल्लेख आहे, आणि त्यांना जे शिकवलं जातं ते ज्ञानही अल्लाहनेच माणसाला दिलेलं, असा तिचा आशय आहे. हातिम ताईचे चिरंजीव हजरत अदी बिन हातिम यांनी पैगंबर साहेबांना (स.) शिकारीविषयी विचारलं, त्या हदीसमध्ये अटी स्पष्ट होतात. कुत्रा शिकवलेला हवा. त्याला अल्लाहचं नाव घेऊन सोडलेलं हवं. त्याने सावजाचा घास घेतला तर ते खाऊ नये, कारण मग ते त्याने स्वतःसाठी धरलं. दुसरा अनोळखी कुत्रा त्यात सामील झाला तर तेही खाऊ नये, कारण नाव आपल्या कुत्र्यावर घेतलेलं होतं, त्या दुसऱ्यावर नव्हे. पुढे हनफी फकीहांनी शिकवल्याची खूणही सांगितली: सलग तीनदा त्याने सावज धरून त्यातलं खाल्लं नाही, तर तो शिकला. इमाम अबू हनीफांनी मात्र आकडा न ठरवता तो निर्णय शिकाऱ्याच्या जाणतेपणावर सोपवला. बहिरी ससाण्याला ही न खाण्याची अट लावली नाही. तो हाक मारताच परतला की पुरे. प्रत्येक जनावराचा स्वभाव ओळखून कायदा केला गेला.

या अटींत एक गोष्ट नाही. कुत्रा कोणत्या जातीचा, अस्सल की क्रॉस, हे कुणी विचारलेलं नाही. तो किती वेगाने धावतो, हेही नाही. विचारलं आहे ते एवढंच: सोडल्यावर जातो का, बोलावल्यावर थांबतो का, तोंडाशी आलेला घास राखतो का? मोल धावण्याचं नाही, थांबण्याचं आहे. दुसरं म्हणजे, बिस्मिल्ला कुत्रा म्हणत नाही. सोडणारा म्हणतो. दम कुत्र्याचा, नियत माणसाची. म्हणूनच कुत्रा आपल्या मनाने धावला आणि सावज मारलं, तर ते हलाल होत नाही. त्यामागे कुणाची नियतच नव्हती.

यावर कुणी म्हणेल, हे सगळं आज कशाला? १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केली. १९९७ साली ज्ञानगंगा अभयारण्य झालं. सुमारे २०५ चौरस किलोमीटरच्या त्या जंगलात बिबटे आणि अस्वलं आहेत. तिथे कुत्रा सोडणं गुन्हा आहे आणि असायलाही हवा. वाळवंटात ज्याची चूल शिकारीवर पेटत होती, त्याच्यासाठी ती सवलत होती. कसायाचं दुकान कोपऱ्यावर असलेल्या माणसाने हौसेसाठी तिचा आधार घेऊ नये. पण रोही आणि रानडुकरांनी हरभरा लोळवला म्हणून रात्र शेतात काढणाऱ्या शेतकऱ्याचं दुःख खरं आहे. हदीसमध्ये शिकारीबरोबरच गुरं आणि शेत राखण्यासाठीही कुत्रा ठेवायला मुभा आहे. त्या शेताला लागतो तो बांधापर्यंत हाकलून परत फिरणारा कुत्रा. जंगलात घुसून फाडणारा नव्हे. म्हणजे आजही तीच परीक्षा: थांबतो का?

आता माणसाकडे येऊ. रक्तावरून स्वभाव ठरवण्याची सवय आपण कुत्र्यांपाशी ठेवली नाही. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि त्याच्या जोरावर पुढे पारध्यांसारख्या जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली तो कायदा गेला. नजर गेली नाही. चोरी झाली की आजही आधी बेड्याकडे बोट जातं. आपल्यालाही हा संशय परका नाही. नाव ऐकून चेहरा बदलणारे घरमालक आपण पाहिले आहेत. पण सोयरीक जुळवताना मुलाची चाल विचारण्याआधी बिरादरी विचारणारे आपण तरी वेगळे कुठे? जी कसोटी शरियतने कुत्र्यालाही लावली नाही, ती आपण माणसाला लावतो.

आणि शेवटी सोडणाऱ्याची गोष्ट. कुठे दंगल होते, दुकानं जळतात, माणसं मरतात. मग पकडली जातात ती अठरा-वीस वर्षांची पोरं. ज्यांनी भाषणं देऊन त्यांचं रक्त तापवलं, ते म्हणतात, आम्ही कुठे काय केलं, पोरं आपणहून धावली. हे प्रत्येक धर्माच्या घरात घडतं. माणूस कुत्रा नव्हे. त्याला अक्कल दिलेली आहे, त्यामुळे धावणाऱ्याचा हिशेब त्याच्यापाशी राहतोच. पण त्याने सोडणाऱ्याचा हिशेब मिटत नाही. उलट, जनावराच्या बाबतीत ज्या धर्माने नियत सोडणाऱ्याच्या पदरात घातली, तो माणसांच्या बाबतीत ती माफ कशी करील?

आपल्या मुलांना आपण धावायला पुष्कळ शिकवतो. परीक्षेत धाव, नोकरीसाठी धाव, कुणीतरी हाळी दिली की धाव. बांधावर थांबायला आणि तोंडाशी आलेला दुसऱ्याचा घास राखायलाही शिकवायला हवं. दम अल्लाहने दिलेला असतो. तालीम देणं आपल्या हातात आहे, आणि हिशेब त्याचाच होणार आहे.