सत्कार्य आणि सल्लागार

समुद्रात पवनचक्क्या उभारावयाच्या असोत, किंवा चढत्या पाण्यापासून किनारा राखण्यासाठी बांध घालावयाचा असो, ते काम हाती घेणारी कंपनी अथवा सरकारी खाते आज प्रथम एका सल्लागारास पाचारण करते. तो समुद्रतळ तपासतो, प्रवाहांची मापे घेतो, मासे व पक्षी यांची गणती करतो, आणि या कामाने कोणाचे काय होईल याविषयी अहवाल लिहितो. त्याचे पारिश्रमिक मात्र काम करू इच्छिणाराच देतो. अशा स्थितीत या सल्लागाराची निष्ठा कोणाच्या ठायी असावी, हा प्रश्न वरवर धंद्याच्या शिस्तीचा दिसला तरी वस्तुतः तो नीतिशास्त्राचा आहे, असे आम्हांस वाटते.

कोणी म्हणेल, यात नवे ते काय? वकील अशिलाचे पैसे घेतो, वैद्य रोग्याचे घेतो. म्हणून का आपण त्यांच्या सचोटीविषयी शंका घेतो? परंतु हे दोन्ही दाखले येथे लागू पडत नाहीत. वकील एकच बाजू मांडणार हे सर्वांस ठाऊक असते. त्याच्यासमोर प्रतिपक्षाचा वकील उभा असतो आणि वर न्यायाधीश बसलेला असतो. वैद्याच्या बाबतीत पैसे देणारा व औषधाचा परिणाम भोगणारा बहुधा एकच असतो. सागरी सल्लागाराचे तसे नाही. पैसे एक देतो आणि परिणाम भोगतात दुसरेच: खाडीच्या मुखाशी जाळे लावणारा कोळी, चिखलात चोच खुपसून पोट भरणारे पक्षी, आणि अद्याप जन्मासही न आलेली पिढी. यांपैकी कोणीही त्याच्या कचेरीत येऊन बसत नाही.

या धंद्यातील मोह म्हणजे द्रव्याचा मोह, अशी सामान्य समजूत आहे. तो मोह आहेच. पण तो निदान ओळखू तरी येतो. त्याहून सूक्ष्म मोह सत्कार्याचा. विषारी सांडपाणी सोडणाऱ्या कारखान्याची शिफारस लिहिताना ज्याचा हात अडखळेल, तोच मनुष्य लोकांचे प्राण वाचविणाऱ्या बांधाची, किंवा कोळशाचा धूर टाळणाऱ्या पवनचक्कीची शिफारस लिहिताना निःशंक होतो. हेतू उदात्त आहे, तेव्हा होणारे नुकसान थोड्या सौम्य शब्दांत मांडले तर काय बिघडले, असे त्याची सदसद्विवेकबुद्धीच त्यास सांगू लागते.

हॉलंडचा अनुभव या बाबतीत मनन करण्याजोगा आहे. तेथील सरकारी जलखात्यातील अभियंता योहान फान फेन हा, समुद्राचे बांध ठेंगणे आहेत, असा इशारा दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून देत होता. ज्या ट्रॉयच्या राजकन्येच्या भविष्यकथनावर कोणी विश्वास ठेवला नाही, त्या कॅसांड्राचे नाव त्याने टोपणनाव म्हणून घेतले होते, यावरून त्याची मनःस्थिती कळते. १९५३ च्या ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने बांध फोडले आणि त्या देशात १,८३६ माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर नैर्ऋत्येकडील खाड्यांची मुखे बंद करण्याची योजना आखली गेली. याहून पवित्र हेतू कोणता असणार? तथापि ऑस्टरस्केल्ड नावाच्या खाडीचे मुख कायमचे बंद केले तर भरती-ओहोटी थांबेल, आणि तेथील कालवे व तत्सम शिंपल्यांवर जगणारे मच्छीमार आणि असंख्य पक्षी यांचा आधार तुटेल, असे मच्छीमार व निसर्गशास्त्रज्ञ सांगू लागले. लोकांच्या सुरक्षिततेचे शत्रू म्हणून त्यांची संभावना करणे सोपे होते. अखेरीस तिसरा मार्ग निघाला: एरवी उघडे राहणारे आणि वादळात मिटणारे ६२ दरवाजे. ते काम १९८६ साली पुरे झाले.

हा मार्ग खर्चाचा व विलंबाचा होता, आणि समुद्र तर आज अधिकच घाई करीत आहे, असा आक्षेप येथे कोणी घेईल. आक्षेप खरा आहे. शिवाय तो तिसरा मार्गही निर्दोष ठरला नाही. दरवाज्यांमुळे प्रवाह मंदावला, तो खाडीतील वाळूच्या सपाट थरांवर पुन्हा वाळू आणून टाकीनासा झाला, आणि ते थर झिजत चालले. पक्ष्यांचे चरण्याचे ठिकाण तेच. पण यावरून सत्य बोलणे व्यर्थ ठरत नाही. दोष लपविला नसल्यामुळेच तेथे पुढे वाळू आणून टाकण्याचा उपाय करता आला. त्याच किनाऱ्यासमोर बॉर्सेल येथे समुद्रात पवनचक्क्या आहेत. पक्ष्यांच्या स्थलांतराचे मोठे थवे येणार असा अंदाज असता त्या रात्री त्यांची गती अगदी मंद करण्याची प्रथा २०२३ साली सुरू झाली. पक्षी मरतात हे ज्यांनी मोकळेपणाने मान्य केले, त्यांनाच हा उपाय सुचला.

तेव्हा सल्लागाराचा धर्म काम अडविणे हा नव्हे, आणि ते पार पाडून देणे हाही नव्हे. निर्णय लोकांचा व त्यांच्या राज्यकर्त्यांचा. परंतु काय गमवावे लागेल आणि ते कोण गमावील, हे निर्णयापूर्वी उघड करणे, ही त्याची जबाबदारी. ज्या कामास त्याची स्वतःची मनापासून संमती आहे, तेथे तर ती दुप्पट. विदुर कौरवांच्याच घरी राहिला, त्यांच्याच सभेत बसला. त्याचे ऐकले गेले नाही, पण आपणांस कोणी सांगितले नव्हते, असे म्हणण्याची सोय धृतराष्ट्रास उरली नाही.

आपल्या देशात बंदरासारख्या मोठ्या कामाचा पर्यावरण-अहवाल २००६ च्या अधिसूचनेनुसार काम करणारानेच तयार करवून घ्यावयाचा असतो, आणि त्याचा सारांश स्थानिक भाषेत देणे आवश्यक असते. मूळ ग्रंथ बहुधा जाडजूड व इंग्रजी. जनसुनावणीस आलेल्या कोळ्याच्या हाती येतात ती मराठीतील थोडी पाने. इंग्रजीत तक्त्याच्या एखाद्या रकान्यात नोंदलेली त्याच्या जाळ्याची हानी त्या मराठी पानांत तितक्याच स्पष्ट शब्दांत उतरली आहे की नाही, एवढे पाहिले म्हणजे सल्लागार कोणाचा, हे कळण्यास दुसरा पुरावा नको.