पक्षाच्या यादीतली खुर्ची

सभापतीने स्वतःच्याच पक्षाला कितपत दुखवावे? दक्षिण आफ्रिकेत याचे उत्तर माणसाच्या स्वभावापेक्षा राज्यघटनेच्या ४७व्या कलमात सापडते. तिथे खासदार पक्षाच्या यादीतून येतो. पक्षाने काढले की खासदारकी जाते आणि तिच्याबरोबर सभापतिपदही. आपल्याकडे २००८ मध्ये माकपने सोमनाथ चटर्जींची हकालपट्टी केली, तरी ते लोकसभेच्या अध्यक्षपदी कायम राहिले. केप टाउनच्या संसदेत हे शक्य नाही.

१९९४ मध्ये फ्रीन जिनवाला, पारशी घरातल्या, साडीतच त्या आसनावर बसल्या. वर्णद्वेषाच्या राजवटीनंतरच्या त्या पहिल्या सभापती. संसद लोकांना खुली करण्याचे मोठे श्रेय त्यांचे. तरीही सरकारच्या शस्त्रखरेदीच्या चौकशीत लोकलेखा समितीच्या पाठीशी त्या ठाम उभ्या राहिल्या नाहीत, असे माझे मत आहे.

मग आले न्कांडला प्रकरण. राष्ट्राध्यक्ष झुमांच्या तिथल्या खासगी घरावर झालेल्या सरकारी खर्चाबद्दल लोकपाल (पब्लिक प्रोटेक्टर) थुली मॅडोन्सेला यांनी मार्च २०१४ मध्ये अहवाल दिला. सभापती मॅक्स सिसुलूंनी त्यासाठी समिती नेमली. निवडणुकीनंतर सत्ताधारी आफ्रिकन नॅशनल काँग्रेसने (एएनसी) ते पद त्यांना पुन्हा दिले नाही. त्यांच्या जागी आल्या बलेका म्बेटे, ज्या त्याच वेळी एएनसीच्या राष्ट्रीय अध्यक्षाही होत्या. ऑगस्टमध्ये लाल डगले घातलेल्या ईएफएफ या विरोधी पक्षाच्या खासदारांनी ‘पैसे परत करा’चा घोष लावला आणि म्बेटेंना सभागृह तहकूब करावे लागले. झुमांना जाब विचारण्याचे कर्तव्य या सभागृहाने, म्हणजे नॅशनल असेंब्लीने, पार पाडले नाही, हे २०१६ मध्ये घटना न्यायालयालाच सांगावे लागले.

म्बेटेंना सरसकट दोषी ठरवणे मात्र मला पटत नाही. २०१७ मध्ये झुमांवरील अविश्वास ठरावावर गुप्त मतदान घेण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्या म्हणत होत्या. अधिकार आहे, असे न्यायालयाने सांगितल्यावर त्यांनी तो वापरला. विरोधकांकडे १५१ जागा होत्या, ठरावाला १७७ मते पडली. झुमा वाचले, पण स्वपक्षातल्याही अनेकांनी साथ सोडल्याचे उघड झाले.

२०२४ मध्ये एएनसीचे बहुमत गेले. थोको डिडिझा इतर पक्षांच्याही मतांवर सभापती म्हणून निवडून आल्या. त्यांना सर्वांचा विचार करावा लागेल. पण खासदारकी अजूनही एएनसीच्याच हाती आहे. सभापतीपुरता तरी ४७व्या कलमाला अपवाद करायला हवा.