खुर्ची कोणाची?

एखादे पद कष्टाने मिळवले आणि सचोटीने सांभाळले, तर त्यावर आपला हक्क किती काळ राहतो? चांगले काम करणाऱ्यानेही कधीतरी उठावे का? की ‘माणूस चांगला आहे, राहू द्या’ हेच शहाणपणाचे? अमेरिकेतील ग्लोरिया मोलिना यांच्या जीवनाकडे पाहत या प्रश्नाचा विचार करू या.

कॅलिफोर्नियातील लॉस एंजेलिस काउंटी म्हणजे आपल्याकडील जिल्ह्यासारखा प्रदेश. लोकवस्ती सुमारे एक कोटी. सरकारी इस्पितळे, तुरुंग, गरिबांना मदत असा तेथील मोठा कारभार पाच जणांचे निवडून आलेले मंडळ पाहते. म्हणजे एकेका सदस्यामागे सुमारे वीस लाख माणसे! मेक्सिको आणि इतर लॅटिन अमेरिकी देशांतून आलेल्या कुटुंबांना तेथे ‘लॅटिनो’ म्हणतात. त्यांची संख्या लाखांच्या घरात गेली, तरी १८७५ नंतर शंभराहून अधिक वर्षे त्यांच्यातील एकही जण या मंडळावर नव्हता.

मोलिनाबाईंचा जन्म १९४८ चा. वडील मजूर, आणि दहा भावंडांत त्या थोरल्या. काउंटीच्या मोठ्या इस्पितळात बाळंतपणासाठी आलेल्या मेक्सिकन वंशाच्या स्त्रियांवर त्यांच्या खऱ्या संमतीशिवाय नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या होत्या. कित्येकींपुढे प्रसूतीच्या कळा चालू असताना इंग्रजी कागद सहीसाठी ठेवले गेले. यांपैकी दहा जणींनी १९७५ मध्ये न्यायालयात धाव घेतली, तेव्हा त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या महिला संघटनेत मोलिनाबाई अग्रभागी होत्या. १९७८ मध्ये तो खटला हरला.

१९८२ मध्ये त्या राज्याच्या विधानसभेत निवडून आल्या. तेथे पोहोचलेल्या त्या पहिल्या लॅटिनो स्त्री. त्याच सुमारास पूर्व लॉस एंजेलिसच्या गरीब वस्तीजवळ मोठा तुरुंग बांधण्याचा घाट सरकारने घातला. वस्तीतील रेझरेक्शन चर्चचे धर्मगुरू फादर जॉन मोरेटा यांनी धर्मग्रामातील मातांना एकत्र केले. डोक्याला पांढरे रुमाल बांधून त्या बायका मोर्चे काढू लागल्या. मोलिनाबाईंनी हा लढा विधानसभेत नेला. अखेर १९९२ मध्ये सरकारने तो बेत सोडला.

काउंटीच्या मंडळाचे दार मात्र न्यायालयाने उघडले. मतदारसंघांच्या सीमा अशा आखल्या होत्या की लॅटिनो वस्ती विभागली जावी आणि तिला आपला प्रतिनिधी निवडता येऊ नये. १९९० मध्ये न्यायालयाने हा अन्याय ठरवला. त्या निकालातून एक विचार करण्याजोगी गोष्ट पुढे आली: सीमा तशा आखण्यामागे आपल्या जागा टिकवण्याचा सदस्यांचा हेतू होता. एखाद्या समाजाविषयी मनात द्वेष असावाच लागतो असे नाही. आपली खुर्ची सुटू नये एवढी इच्छाही लाखो माणसांना दाराबाहेर ठेवू शकते.

नव्या मतदारसंघातून १९९१ मध्ये मोलिनाबाई मंडळावर गेल्या. मंडळावर निवडून आलेल्या त्या पहिल्याच स्त्री. ज्या इस्पितळाविरुद्ध त्या उभ्या राहिल्या होत्या, त्याचा कारभार आता त्यांच्याही हाती आला. जीभ तिखट, पण पैशाचा हिशेब चोख, असा त्यांचा लौकिक होता. २३ वर्षांनी, २०१४ मध्ये, त्यांनी पद सोडले.

ते त्यांनी आपणहून सोडले का? नाही. सलग तीन मुदतींपेक्षा जास्त काळ राहता येणार नाही, असा नियम मतदारांनी २००२ मध्ये मंजूर केला होता. पुढच्याच वर्षी त्या नगरपरिषदेसाठी उभ्या राहिल्या आणि हरल्या. म्हणजे खुर्चीची ओढ त्यांनाही होती. त्यात नवल नाही. आयुष्यभर सेवा केलेल्या माणसाला रिकामे बसणे जड जाते.

कोणी म्हणेल, अशा अनुभवी व्यक्तीला नियमाने घरी बसवणे हे लोकांचेच नुकसान नव्हे काय? काही अंशी ते खरे आहे. पण जुन्या सदस्यांनाही आपण गरजेचे आहोत असेच वाटत असणार. उठण्याची वेळ बसलेल्याने एकट्याने ठरवायची, तर ती क्वचितच येते. म्हणून नियम लागतो, आणि तो चांगल्यांनाही लागू असावा लागतो.

आणि काम थांबत नाही. मोलिनाबाईंच्या जागी हिल्डा सोलिस आल्या. त्याही स्थलांतरितांच्या कन्या. नसबंदी झालेल्या त्या स्त्रियांची काउंटीने जाहीर माफी मागितली ती २०१८ मध्ये, सोलिस यांच्या ठरावावरून. १९७५ मध्ये ज्या गाऱ्हाण्यासाठी मोलिनाबाई उभ्या राहिल्या, त्याची दखल त्यांच्या खुर्चीवर बसलेल्या दुसरीने घेतली. मोलिनाबाईंचे निधन २०२३ मध्ये झाले. ती माफी त्यांना पाहायला मिळाली.

पहिले होण्याचा मान मोठा. पण पहिला तोच खरा, ज्याच्यामागून दुसरा येतो. आपल्या धर्मग्रामातील मंडळे, समित्या, संस्था यांतही आपण निष्ठेने झटतो. ‘मी नसलो तर कोण करणार?’ हा प्रश्न आपण काळजीने विचारतो. तो खरोखर काळजीचा असेल, तर त्याचे उत्तर शोधणे हेही आपलेच काम आहे. आपण कोणाला तयार केले?