भूल कुणाला पडते?

पित्ताशय काढल्याच्या दुसऱ्या दिवशी मावशीच्या पोटावर चार पट्ट्या होत्या आणि हात मात्र उजव्या खांद्यावर. "अहो सिस्टर, पोट कापलंत ना? मग खांदा का दुखतोय? पाडलंत की काय मला?" सिस्टर हसल्या. "गॅस आहे तो, मावशी. उठून चाला जरा."

खरंच गॅस. दुर्बिणीला जागा व्हावी म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरतात. त्यानं श्वासपटल ताणलं जातं. त्याची नस निघते मानेतून, खांद्याच्या कातडीच्या नसाही तिथूनच. मेंदूचा पत्ता चुकतो.

भूल या शब्दात विसर आहे. पण विसर पडतो तो जाणिवेला, नसांना नाही. 1884 मध्ये व्हिएन्नाच्या कार्ल कोलरनं कोकेनच्या थेंबांनी डोळा बधिर करून दाखवला, तेव्हापासून बरीच वर्षं असं बधिर करणं हा क्लोरोफॉर्मला पर्याय मानला गेला. एकतर झोपवा, नाहीतर बधिर करा. क्लीव्हलंडचा सर्जन जॉर्ज क्राइल 1910 च्या सुमारास म्हणू लागला की दोन्ही करा. माणूस झोपला तरी सुरीची वर्दी नसांतून वर जातच राहते. ती वाटेतच अडवायला हवी. ही वर्दीच शॉक आणते हे त्याचं शास्त्र पुढे टिकलं नाही, पण ही शंका टिकली. 1983 मध्ये क्लिफर्ड वुल्फनं उंदरांवर दाखवलं की पंजाच्या जखमेनंतर मज्जारज्जूच हळवा होऊन बसतो. आणि 1988 मध्ये पॅट्रिक वॉलनं सुचवलं, दुखणं सुरू होण्याआधीच रोखा.

दरम्यान 1985 मध्ये जर्मनीत एरिक म्यूहेनं दुर्बिणीतून पित्ताशय काढलं होतं. 1990 मध्ये मुंबईच्या जेजे रुग्णालयात डॉ. तेहेमतन उडवाडियांनी. वीतभर चिरेच्या जागी बोटाएवढी छिद्रं आली. दुखणं कमी झालं, संपलं नाही. म्हणून छिद्रांच्या जागी ब्युपिव्हाकेन हे बधिरीचं औषध टोचू लागले. आधी टोचावं की टाके घालताना? वॉलचं म्हणणं इतकं देखणं होतं की उत्तर 'आधी' असंच यावं असं वाटे. तपासण्यांत फरक निघाला तो जेमतेम, कधी निघालाच नाही. मला यात शास्त्राचा पराभव दिसत नाही. उंदराच्या पंजाइतकं माणसाचं पोट सरळ नसतं, एवढंच.

ब्युपिव्हाकेन कातडी आणि स्नायू बधिर करतं, तेही काही तास. मात्रा वजनावर मोजून द्यायची, कारण जास्त झाली तर ते हृदयावर उलटतं. यकृताखालच्या खाचेतली कळ त्याला ऐकत नाही, खांदा तर नाहीच. कुणी ते श्वासपटलाखाली फवारतात. गुण येतो, पण भरवशाचा नाही. त्यापेक्षा गॅसचा दाब कमी ठेवणं आणि शेवटी तो नीट काढून टाकणं हे साधे उपाय बरे. डेन्मार्कच्या हेन्रिक केहलेटनं आग्रह धरला तो एका रामबाणाचा नाही, थोड्या थोड्या उपायांच्या जुळणीचा. पॅरासिटामॉल, सूज उतरवणारं औषध, छिद्रांत बधिरीचं इंजेक्शन.

मावशीची बेंबी ऑपरेशनच्या दिवशी संध्याकाळपर्यंत गप्प होती. दिवेलागणीला ठणकू लागली, तेव्हा पॅरासिटामॉलची सलाईन लावून झालेली होती. खांद्यानं मात्र तिसऱ्या दिवसापर्यंत हट्ट सोडला नाही.